स्टेंटनंतर भाकरी बंद करावी का? अख्खी धान्ये, तंतू आणि हृदय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६१. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. मधुमेह नाही, मूत्रपिंडाचे काम चांगले आहे आणि दाखल होताना एलडीएल, म्हणजे रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४८ होते. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘फायबर आणि होल ग्रेन वाढवा’ एवढी एक ओळ होती. त्या ओळीवरून आपण त्यांची ज्वारीची भाकरी बंद केली आणि सकाळी मसाला ओट्सचे पाकीट, दुपारी मल्टीग्रेन आट्याच्या पोळ्या, चहाबरोबर डायजेस्टिव्ह बिस्किटे आणि रात्री ब्राऊन ब्रेड असा क्रम सुरू केला. वडील मूळचे लातूर जिल्ह्यातले, जन्मभर भाकरीवर वाढलेले, आणि आता ते ताटावरून उठून जातात. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: भाकरी चालेल का, तंतू (फायबर) नेमके किती हवेत, आणि आहार नीट सांभाळला तर गोळ्या कमी होतील का.

भाकरी चालेल, आणि ती उद्यापासूनच परत सुरू करावी. मी अनेक वर्षे हृदयरुग्णांच्या आहाराचे काम करते आणि शहरातल्या घरांत हा प्रकार मला वारंवार दिसतो. कागदावरचे इंग्रजी शब्द पाहून घरातले अख्खे धान्य बाहेर जाते आणि त्याच्या जागी पाकिटातले, बहुतेक वेळा कमी अख्खे असलेले धान्य येते. मात्र ‘भाकरी चालेल’ एवढ्यावर उत्तर संपत नाही, कारण त्या एका ओळीत दोन वेगळ्या सूचना एकत्र आल्या आहेत. अख्खे धान्य खाणे ही एक गोष्ट आहे आणि एलडीएल उतरवणारे तंतू पोटात जाणे ही दुसरी. भाकरी पहिली गरज उत्तम भागवते. दुसरी ती फारशी भागवत नाही, आणि भाकरीचे कौतुक करणाऱ्या लेखांतून नेमके हेच सांगायचे राहून जाते.

आधी अख्ख्या धान्याचे पाहू. दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि एका टोकाचा अंकुर. तंतू, खनिजे आणि ब गटातली जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, तर गाभा मुख्यतः पिष्टमय असतो. गव्हाचा मैदा करताना कोंडा आणि अंकुर निघून जातात, म्हणून गव्हाच्या आट्यात १०० ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास असलेले तंतू मैद्यात ३ ग्रॅमच्या आत येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांनुसार ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम आणि बाजरी व नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३. गिरणीवर दळलेले ज्वारीचे पीठ दाण्यासकटच दळलेले असते, त्यामुळे ‘होल ग्रेन’ या अटीत ते आपोआप बसते. यात एकच खबरदारी घ्यावी लागते. पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून गव्हाचे पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळण्याची आणि ज्वारीचे पीठही त्याच चाळणीतून काढण्याची काही घरांत सवय असते. माझ्याकडे आलेल्या कुटुंबाला मी कोणते धान्य खाता हे विचारण्याआधी चाळणी कोणती वापरता हे विचारते, कारण गुरांच्या घमेल्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात गेलेला कोंडा हिशेबात धरता येत नाही.

आता आपण आणलेल्या वस्तूंकडे वळू. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून पहिला शब्द काय आहे ते वाचावे. तो ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर पुढच्या बाजूला कितीही कणसे छापलेली असोत, ती वस्तू मुळात मैद्याची आहे. ब्रेडचा तपकिरी रंग बऱ्याचदा कॅरॅमलमुळे आलेला असतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू असले की घन पदार्थावर ‘हाय फायबर’ असे लिहिता येते. हिशेब केला तर अशा बिस्किटांची ५० ग्रॅमची चळत संपवल्यावर ३ ग्रॅम तंतू मिळतात आणि त्यांच्याबरोबर साखर व बहुधा पामतेलही येते. एका भाकरीत याहून अधिक तंतू असतात, आणि भाकरीत तेल किंवा साखर नसते. मल्टीग्रेन आट्यात बहुतेक वेळा गहूच मुख्य असतो आणि बाकीची धान्ये नावापुरती असतात. तो वाईट नाही, पण साध्या, न चाळलेल्या गव्हाच्या पिठाहून त्यात विशेष काही नाही, तेव्हा जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे हे आपण ठरवावे. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ जास्त असते, आणि स्टेंट बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ओट्स आणायचे असतील तर साधे, बिनमसाल्याचे आणावेत.

दुसरी गोष्ट एलडीएलची, आणि इथे मला थोडे अधिक सविस्तर लिहावे लागेल. तंतूंचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. अविद्राव्य तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते मळाचा आकार वाढवतात, पोट साफ ठेवतात आणि पोट लवकर भरल्याची जाणीव देतात. विद्राव्य तंतू पाण्यात विरघळतात, आणि त्यांपैकी काही पाण्याबरोबर दाट, बुळबुळीत जेल तयार करतात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरून चरबीच्या पचनाला मदत करतात, आणि त्यांचा फार मोठा भाग लहान आतड्याच्या शेवटी पुन्हा शोषला जाऊन यकृताकडे परततो. आतड्यात असे जेल असेल तर काही पित्ताम्ले त्यात अडकून मळावाटे बाहेर जातात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते, आणि रक्तातला आकडा खाली येतो. पित्ताम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनसारखी जुनी औषधेही याच मार्गाने काम करतात.

ज्वारीच्या १० ग्रॅम तंतूंपैकी विद्राव्य तंतू २ ग्रॅमच्याही आत असतात. बाजरी, नाचणी आणि गहू यांची स्थितीही साधारण अशीच आहे. म्हणून ‘इतकी वर्षे भाकरी खाऊनही कोलेस्टेरॉल वाढले कसे’ असा प्रश्न मला विचारला जातो, तेव्हा त्यात मला नवल वाटत नाही. भाकरीकडून आपण जे काम अपेक्षित धरतो, त्यासाठी लागणारे तंतू तिच्यात कमी आहेत. ते कुठे आहेत? ओट्स आणि जव, म्हणजे सातू, यांत बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू भरपूर असतो. कडधान्ये, घेवडा, राजमा, भेंडी, वांगी, पेरू, सफरचंद, संत्र्या-मोसंबीचा गर आणि इसबगोल यांतही विद्राव्य तंतू असतात. भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीतपणा याच जातीचा. कुरकुरीत भेंडीसाठी आपण तो तळून घालवतो, पण हृदयाच्या दृष्टीने तो राहिलेला बरा.

या तंतूंचा परिणाम किती होतो हेही नीट समजून घ्यावे, कारण जाहिरातींनी तो फुगवला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयासंबंधीचा दावा छापण्यास परवानगी दिली, तेव्हा दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन ही मात्रा आधाराला धरली होती. पुढे सातूलाही ती सवलत मिळाली. तेवढे बीटा-ग्लुकन मिळवण्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, म्हणजे दोन चांगले भरलेले वाडगे. चहाच्या कपात भिजवलेले दोन चमचे ओट्स पुरत नाहीत. आणि एवढे रोज, नियमाने खाल्ल्यावर एलडीएल साधारण ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज एक वाटी शिजवलेले कडधान्य खाल्ल्यास सुमारे ५ टक्क्यांची घट दिसते, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करून २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी मांडले. रोज १० ग्रॅमच्या आसपास इसबगोल घेतल्यास घट याहून थोडी अधिक असते. आपल्या वडिलांच्या १४८ पैकी ५ टक्के म्हणजे ७ अंक. स्टेंट बसवलेल्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली असावे, असे हृदयरोगतज्ज्ञांचे सध्याचे उद्दिष्ट आहे. हे अंतर एकट्या ओट्सच्या वाडग्याने पार होणार नाही.

मात्र हे छोटे परिणाम एकमेकांत मिळवता येतात. टोरांटोचे आहारसंशोधक डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली ४६ व्यक्तींवर महिनाभर एक प्रयोग केला. ओट्स, सातू, इसबगोल, भेंडी, वांगी, सोया, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) असे सगळे एकाच आहारात एकत्र दिलेल्या गटाचे एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी उतरले, आणि त्या काळी वापरात असलेल्या लोवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या २० मिलिग्रॅम मात्रेने जवळजवळ तेवढाच उतार दिला. त्या प्रयोगात अन्न संशोधकांनी पुरवले होते. पुढे लोकांना केवळ सल्ला देऊन घरी पाठवले, तेव्हा सहा महिन्यांनी ही घट १३-१४ टक्क्यांवर आली. माझ्या अनुभवात घरच्या स्वयंपाकातून मिळणारा फायदा या दुसऱ्या आकड्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो, आणि तोही स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने मनावर घेतले तरच.

मग अख्ख्या धान्याचा एलडीएलला फारसा उपयोग नसेल तर त्याचा आग्रह कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचा आधार दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासांत आहे, आणि तो किती भक्कम आहे याचे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. लंडनच्या बसगाड्यांवर आणि बँकांत काम करणाऱ्या ३३७ पुरुषांच्या आहाराचा जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला, आणि धान्यातून अधिक तंतू घेणाऱ्यांना हृदयविकार कमी झाल्याचे १९७७ साली मांडले. तेव्हापासून अशी निरीक्षणे सातत्याने येत राहिली. २०१६ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात दिवसाला ९० ग्रॅम अख्ख्या धान्याचे पदार्थ खाणाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची जोखीम सुमारे १९ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर तंतू खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि सर्वाधिक लाभ दिवसाला २५ ते २९ ग्रॅम घेणाऱ्यांत दिसला.

परंतु अख्खे धान्य खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त, धूम्रपान कमी करतो आणि वेळेवर तपासण्या करून घेतो. अभ्यासक गणिताने हे घटक वेगळे काढतात, पण ते पूर्णपणे वेगळे होत नाहीत. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांचा विचार केला, तर ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत धान्यातले तंतू वाढवण्याचा सल्ला मिळालेल्या गटात दोन वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत. मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्या गटात मात्र ते कमी झाले. हा निष्कर्ष १९८९ सालचा आहे. २०१७ साली वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनीही अख्ख्या धान्याने हृदयविकार टळतो असे चाचण्यांच्या आधारे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले. भारतासह २१ देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासात मैद्यासारख्या परिष्कृत धान्याचे पदार्थ दिवसाला ३५० ग्रॅमपेक्षा अधिक खाणाऱ्यांत ५० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक होत्या. पांढऱ्या भाताचा असा संबंध त्यात आढळला नाही, आणि अख्ख्या धान्याचा स्वतंत्र फायदाही ठळकपणे दिसला नाही.

हे सगळे एकत्र ठेवून मी माझ्या कामापुरता जो अर्थ काढते तो असा की अख्ख्या धान्याचा मोठा लाभ ते कोणत्या पदार्थाची जागा घेते यावर अवलंबून आहे. भाकरी ब्रेड, खारी, टोस्ट, पाव आणि बिस्किटे यांच्या जागी आली तर फायदा होतो. आधीच्या तीन पोळ्या आणि भाताचा डोंगर तसाच ठेवून वर एक भाकरी वाढवली, तर तंतूंचा आकडा वाढतो आणि त्याबरोबर पिठाचा भारही वाढतो. भारतीयांच्या आहारात सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे देशव्यापी ‘इंडियाब’ अभ्यासात दिसले आहे. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) कमी हे जे चित्र आपल्याकडच्या अहवालांत नेहमी दिसते, त्याला हा कर्बोदकांचा भार मोठ्या प्रमाणात हातभार लावतो. ज्वारीतही १०० ग्रॅममागे ६५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आहेत, तेव्हा ‘मिलेट आहे म्हणून कितीही चालते’ ही समजूत सोडून द्यावी. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ती बरीच पसरली आहे.

आता प्रमाणाकडे वळू. दर २,००० किलोकॅलरीमागे ३० ग्रॅम तंतू, हा आपल्या देशातला मान्य आकडा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास आणि डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे वाढवण्यास सांगितले आहे. वडिलांच्या वयाला आणि हालचालीला १,६०० ते १,८०० किलोकॅलरी पुरत असतील, तर २४ ते २७ ग्रॅम तंतू हे वाजवी लक्ष्य होईल. त्यांचे वजन आणि उंची आपण लिहिलेली नाही, म्हणून यात थोडे इकडेतिकडे होईल असे समजावे.

हे ताटात कसे आणायचे? दोन मध्यम भाकऱ्यांना १०० ते ११० ग्रॅम पीठ लागते, त्यातून १० ते ११ ग्रॅम तंतू आले. एक वाटी मोड आलेल्या मुगाची उसळ, म्हणजे साधारण ४० ग्रॅम कोरडे मूग, ६ ते ७ ग्रॅम देते. तुरीच्या वरणाचे २ ते ३ ग्रॅम धरावेत. दोन वेळची भाजी, कोशिंबीर आणि एक पेरू यांतून आणखी १० ग्रॅम सहज येतात. म्हणजे बाहेरून एकही खास वस्तू न आणता लक्ष्य गाठले गेले. अडचण अशी असते की भाकरीच्या ताटात प्रत्यक्षात भाकरी तीन, पिठले किंवा भाजी नावाला, आणि ठेचा, लोणचे व शेंगदाण्याची चटणी सढळ, असे चित्र असते. भाकरीत स्वतःचे मीठ फारसे नसते, पण तिच्या सोबत्यांत ते भरपूर असते, आणि दिवसाचे मीठ सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत हवे. म्हणून वडिलांच्या ताटात एका वेळी एक किंवा दीड भाकरी, तिच्या बरोबरीने मोठी वाटी उसळ किंवा घट्ट आमटी, आणि ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीने भरलेला, असे मी सुचवेन. मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर, हुलगे यांची आलटून-पालटून उसळ केली तर कंटाळाही येत नाही.

विद्राव्य तंतूंसाठी एक सोपा उपाय मी बऱ्याच कुटुंबांना सांगते: ज्वारी दळायला देताना चार किलोला एक किलो जव घालावेत. भाकरी थापायला थोडी चिकट होते, पण चवीत फरक जाणवत नाही आणि रोज २० ग्रॅमच्या आसपास जव पोटात जातात. सातूचे पीठ विकत घेणार असाल तर ते कशाचे आहे ते विचारून घ्यावे, कारण आपल्याकडे त्या नावाने बहुधा भाजलेले गहू आणि डाळ्यांचे पीठ मिळते. सकाळी ४० ग्रॅम साध्या ओट्सची ताकातली किंवा भाज्या घातलेली खिचडी वडिलांना आवडली तर ठेवावी. आवडत नसेल तर ज्वारीच्या कण्या, गव्हाचा दलिया, मूग घातलेले थालीपीठ किंवा नाचणीची आंबील यांपैकी काहीही चालेल, आणि विद्राव्य तंतूंची राहिलेली भर उसळ, फळ आणि गरज पडल्यास इसबगोल यांनी काढावी. वैद्यकीय दृष्टीने ओट्स सक्तीचे नाहीत.

बाजरीबद्दल एवढेच सांगते की तिच्या अंकुरात तेल जास्त असते आणि पीठ लवकर कडवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. वरईचे तांदूळ बाजारात पांढरेशुभ्र मिळतात तेव्हा त्यांचा कोंडा बराचसा निघून गेलेला असतो. साबुदाण्यात तंतू जवळपास नाहीतच. कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी भाताची चिंता करत बसू नये. हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा तांदूळ मिळाला तर घ्यावा, नाही मिळाला तर भाताचे माप एका मुदीवर आणावे आणि डाळ व भाजी वाढवावी, कारण पॉलिश न केलेल्या तांदळातही तंतू ४ ते ५ ग्रॅमच असतात आणि केवळ तांदूळ बदलून फार मोठा पल्ला गाठता येत नाही.

तंतूंविषयी एवढे बोलताना एक गोष्ट झाकली जाऊ नये. एलडीएलवर आहारातल्या संपृक्त चरबीचा परिणाम तंतूंहून मोठा असतो. भाकरीवर रोज लोण्याचा गोळा, भाजीला तुपाची फोडणी, सायीचे दही आणि संध्याकाळी फरसाण हे सगळे चालू असेल तर ओट्स आणि जव मिळवूनही आकडा हलणार नाही. एखादा चमचा तूप जिभेसाठी ठेवावे, बाकीची फोडणी शेंगदाणा, करडई, मोहरी किंवा सूर्यफूल यांपैकी तेलाची द्यावी, आणि महिन्याचे तेल माणशी अर्धा ते पाऊण लिटरच्या पुढे जाऊ देऊ नये.

तंतू वाढवण्याचा वेग मंद ठेवावा. वडील भाकरी खाणारे असल्याने अविद्राव्य तंतूंची त्यांना सवय आहे, पण रोज मोठी वाटी कडधान्य सुरू केले की पहिले काही दिवस पोट फुगते आणि मग घरात ‘हे सोसत नाही’ असा निकाल लागतो. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून वायू होतो. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले, मोड आणले आणि मऊ शिजवले की हा त्रास बराच कमी होतो. पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी, मग हळूहळू पूर्ण वाटी असे जावे. दात कमकुवत असतील तर भाकरी आमटीत किंवा ताकात चुरून द्यावी. इसबगोल घ्यायचे झाल्यास एका चमच्यापासून सुरुवात करावी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि कोरडे कधीही गिळू नये, कारण ते घशात फुगून अडकू शकते. हृदयाच्या गोळ्या आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढवावे.

काही परिस्थितींत मात्र माझे उत्तर बदलेल. हृदयाची पंपिंग क्षमता कमी असल्यामुळे पाण्यावर बंधन घातलेले असेल, तर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर कडधान्ये, अख्खी धान्ये आणि फळे यांतले पोटॅशियम व फॉस्फरस मोजावे लागते आणि वरचे ताट जसेच्या तसे वापरता येत नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करण्याची गरज नसते, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर साखर उतरू शकते, म्हणून मात्रेविषयी आधी बोलून घ्यावे. ग्लुटेन (गहू-जवातले एक प्रथिन) न सोसणाऱ्या व्यक्तीला गहू आणि जव दोन्ही वर्ज्य आहेत. तिला ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात. आपल्या वर्णनानुसार यांपैकी काहीही वडिलांना लागू दिसत नाही.

राहिला गोळ्यांचा प्रश्न, आणि इथे मी कोणतीही सवलत देणार नाही. स्टेंट बसवल्यानंतर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून त्या असतात, आणि त्या मध्येच बंद केल्यास जिवावर बेतू शकते. स्टॅटिनची पुरेशी मात्रा एलडीएल ३० ते ५० टक्के किंवा त्याहूनही अधिक उतरवते आणि त्याचबरोबर रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर स्थिर ठेवायला मदत करते. म्हणून अहवालातला आकडा चांगला आला तरी ती गोळी चालूच राहते. उत्तम आहाराचा फायदा इथे असा होतो की स्टॅटिन घेऊनही एलडीएल ५५ च्या थोडे वर अडकले असेल, तर कधी कधी मात्रा वाढवण्याची किंवा दुसरी गोळी जोडण्याची वेळ टळते. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा आहे.

एलडीएलवर आहाराचा परिणाम चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतो, त्यामुळे आजपासून सुधारलेले ताट साधारण दोन महिने नीट चालवावे आणि मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करावी. ट्रायग्लिसराइडचा आकडा विश्वासार्ह यावा म्हणून आदल्या रात्रीचे जेवण हलके असावे, आणि मागच्या वेळी उपाशीपोटी रक्त दिले असेल तर या वेळीही तसेच द्यावे. भेटीला जाताना अहवालासोबत तीन दिवसांच्या खाण्याची नोंद न्यावी. त्यातला एक दिवस सुट्टीचा किंवा सणाचा असावा, आणि भाकऱ्या किती, उसळीची वाटी केवढी, तेल महिन्याला किती आणले, चहाबरोबर काय खाल्ले, हे जसे घडले तसे लिहावे. एलडीएल अपेक्षेइतके उतरले नसेल तर गोळी चुकते आहे की लोणी जास्त होते आहे, हे त्या नोंदीवरूनच कळते.